नोट वाजली म्हणून केबल चांगली नसते

आपल्याकडे डॉसचे गेम बहुतेकांनी पीसी स्पीकरच्या पिंपिं आवाजात खेळले. त्याच गेमच्या आत पूर्ण वाद्यवृंद लिहून ठेवलेला होता, हे मला फार उशिरा समजलं. रोलँड कंपनीचं एमटी-३२ हे मॉड्यूल, म्हणजे सूचना मिळताच वाद्यांचे आवाज काढणारी पेटी, १९८७चं. पुढच्याच वर्षी सिएरा या गेम कंपनीचा ‘किंग्ज क्वेस्ट ४’ आला आणि त्याचं संगीत या मॉड्यूलसाठी बसवलेलं होतं. १९९१मध्ये रोलँडचंच साउंड कॅनव्हास एससी-५५ आलं; १९९३च्या ‘डूम’मधली गाणी त्यावर ऐकली की गिटारचा तो खरखरीत जोर अंगावर येतो. ही दोन्ही मॉड्यूल मी सेकंड हँड मिळवली आणि चांदूर रेल्वेच्या घरात आजच्या लॅपटॉपला जोडली. मध्ये होती बाजारात सर्वात स्वस्त मिळणारी यूएसबी-मिडी केबल.

तसलीच केबल लग्नातल्या ऑर्केस्ट्रातली मुलंही वापरतात. मी लग्नसराईत कॅसिओ वाजवतो, एरवी शिकवतो. धामणगाव, तिवस्याकडच्या पार्ट्यांची बंद पडलेली सामग्री माझ्याकडे येते. गेम आणि लग्न, दोन्हीकडचे बिघाड सारखेच निघाले. सगळ्यात जास्त वाईट याचं वाटतं की दोष केबलचा असतो आणि भंगारात जातं ते मॉड्यूल. म्हणून हे लिहितोय.

१. आधी वीज बघा. एमटी-३२ आणि एससी-५५ दोन्ही ९ व्होल्ट डीसीवर चालतात, पण प्लगच्या आत ऋण आणि बाहेर धन लागतं. दुकानात मिळणारे बहुतेक अडॅप्टर याच्या उलट असतात, राउटरचे तर हमखास. साधा बॅटरी एलिमिनेटर रिकामा मोजला तर ९च्या जागी १२-१३ व्होल्टही दाखवतो. मल्टिमीटर लावल्याशिवाय जुन्या मॉड्यूलमध्ये काहीही खुपसू नका. जपानहून आलेल्या वस्तूसोबत १०० व्होल्टचा अडॅप्टर असतो; तो आपल्या २३० व्होल्टच्या बोर्डात लावला की संपला.

२. केबलच्या दोन गोल प्लगांवर ‘इन’ आणि ‘आउट’ लिहिलेलं असतं. काही केबलींत ‘इन’चा अर्थ ‘हा वाद्याच्या इनमध्ये लावा’ असा असतो, काहींत ‘हा केबलचा स्वतःचा इन’ असा. शांत बसलेली केबल आधी उलटी लावून बघा. आउटला आउट जोडल्याने काही जळत नाही. बरोबर बाजू सापडली की प्लगला रंगीत टेप गुंडाळा.

३. “काका, माडूल गेलं वाटते. काऊन वाजून नाही राह्यलं?” माझ्याकडे शिकणाऱ्या एका पोराने असं विचारलं, तेव्हा मॉड्यूल ठणठणीत होतं. एमटी-३२ मुळात चॅनल २ ते १० ऐकतं, १ ऐकतच नाही. आणि जवळजवळ प्रत्येक कीबोर्ड सुरू होताच चॅनल १वर पाठवतो. कीबोर्डचा चॅनल २ केला की आवाज येतो. एससी-५५ सगळे १६ चॅनल ऐकतं, त्यामुळे तिथे हा प्रश्न नाही.

४. आता मुख्य गोष्ट. मिडीच्या तारेतून आवाज जात नाही, सूचना जातात. ‘अमुक पट्टी दाबली, एवढ्या जोराने’ ही सूचना तीन बाइटची. मिडीचा वेग १९८३पासून ठरलेला आहे: सेकंदाला ३१,२५० बिट. एका बाइटला १० बिट लागतात, म्हणजे सेकंदाला ३,१२५ बाइट. तीन बाइटची नोट एका मिलिसेकंदात पोचते. स्वस्तातली स्वस्त केबलसुद्धा एवढं काम करते. पट्टी दाबली, आवाज आला, माणूस खूश.

गेम मात्र नोटांच्या आधी दुसरंच काही पाठवतो. एमटी-३२मध्ये ६४ आवाज बाहेरून भरता येतात, आणि ‘किंग्ज क्वेस्ट’सारखे गेम सुरू होताना आपले आवाज त्यात भरतात. हे काम सिसेक्स नावाच्या लांब संदेशाने होतं. संदेशाचा पहिला बाइट एफ०, शेवटचा एफ७. एका आवाजाचा पूर्ण संदेश २५६ बाइटचा. सगळे ६४ भरायचे तर १६,३८४ बाइट झाले, म्हणजे पाच सेकंदांहून थोडं जास्तच.

यूएसबीवरून हाच संदेश तीन-तीन बाइटच्या पुड्यांत येतो. केबलमधल्या चिपने त्या सोडून, क्रम न बिघडवता, मिडीच्या संथ वेगाने पुढे द्यायच्या असतात. स्वस्त चिपची बाइट साठवायची जागा (बफर) लहान असते. ती भरली की मधले बाइट गळतात, कधी शेवटचा एफ७च हरवतो. रोलँडच्या संदेशात शेवटी पडताळणीचा एक बाइट असतो. हिशेब जुळला नाही की मॉड्यूल तो अख्खा संदेश टाकून देतं. गेमला हे कळत नाही. तो नोटा पाठवत राहतो आणि मॉड्यूल आपल्या मूळच्या आवाजात त्या वाजवत राहतं. पावसाच्या जागी पियानो, दाराच्या करकरीच्या जागी बासरी. ऐकणारा म्हणतो, जुनं झालं, बिघडलं असेल.

ही गळती कल्पनेतली नाही. लिनक्सच्या कर्नलमध्ये अशा एका स्वस्त मिडी चिपचे मोडके सिसेक्स सांभाळून घेण्यासाठी वेगळी तोड लिहून ठेवलेली आहे.

तपासायचं कसं? एमटी-३२च्या पडद्यावर २० अक्षरं मावतात आणि सिसेक्सने त्यावर काहीही लिहिता येतं. मी रोमन अक्षरांत ‘चांदूर रेल्वे’ पाठवतो. विंडोजवर मिडी-ऑक्स आणि लिनक्सवर अमिडी हे प्रोग्रॅम त्यासाठी पुरतात. हा संदेश ३० बाइटचा असतो. तो उमटला तरी थांबू नका, कारण ३० बाइट नेणारी केबल २५६ला हात टेकते. पाठोपाठ एक पूर्ण आवाज पाठवा आणि तो वाजवून ऐका. दोन्ही जमलं तरच केबल गेमच्या कामाची.

केबलचेच दोन प्लग एकमेकांना जोडून (४ नंबरची पिन ४ला, ५ नंबरची ५ला) पाठवलेलं परत येतं का, हेही बघता येतं. जसंच्या तसं परत आलं तर उत्तम. तुटकं आलं तर जाताना तुटलं की येताना, हे त्यातून कळत नाही. खरा निवाडा मॉड्यूलचाच.

५. कधी केबल चांगली असते आणि तरी पडद्यावर ‘बफर ओव्हरफ्लो’ येतं. इथे मॉड्यूलची स्वतःची मर्यादा आहे. हेडफोनचं भोक नसलेले सुरुवातीचे एमटी-३२ लागोपाठ आलेले लांब संदेश पचवू शकत नाहीत. त्या काळचे संगणक संथ होते, दोन संदेशांमध्ये आपोआप उसंत मिळायची. डॉसचे गेम आजच्या संगणकावर चालवणाऱ्या डॉसबॉक्स या प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये मिडीच्या ओळीत ‘डिले-सिसेक्स’ हा शब्द (मधली रेघ न देता) टाकला की तो मुद्दाम थांबत-थांबत पाठवतो. गेम सुरू व्हायला थोडा वेळ लागतो, लागू द्या. हीच उसंत काही कमकुवत केबलींनाही तारते, म्हणून केबल बाद करण्याआधी हा उपाय नक्की करून बघा. मिडी-ऑक्समध्येही दोन संदेशांमधलं अंतर वाढवता येतं.

६. गेमच्या सेटअपमध्ये नेमकं काय निवडलं, तेही बघा. एमटी-३२ची वाद्यांची यादी आणि १९९१नंतरची जनरल मिडी या सामायिक मानकाची यादी वेगवेगळी. एमटी-३२ निवडून एससी-५५ जोडलं तर वाद्यं चुकीचीच लागणार. एससी-५५मध्ये एमटी-३२च्या मूळ वाद्यांची नक्कल आहे, पण बाहेरून भरलेले आवाज त्यात घेता येत नाहीत. केबलचा इथे काही संबंध नाही.

७. मिडीच्या तारेत सुमारे ५ मिलिअँपिअरचा प्रवाह फिरतो आणि वाद्याच्या इनमध्ये ऑप्टोकपलर असतो: आत एक छोटा दिवा, समोर प्रकाश ओळखणारा भाग, दोन्हींमध्ये विजेचा संबंध नाही. आउटला दोन आणि इनला एक असे २२० ओहमचे तीन रोध ५ व्होल्टसाठी धरलेले आहेत. काही स्वस्त केबली ३.३ व्होल्टवर चालतात आणि रोध मात्र २२०चेच ठेवतात, म्हणजे प्रवाह जवळजवळ निम्म्यावर येतो. तीस-पस्तीस वर्षं वापरलेला ऑप्टोकपलर एवढ्यावर कधी जागतो, कधी नाही. एखाद्या नव्या कीबोर्डवर उत्तम चालणारी केबल जुन्या मॉड्यूलवर अडखळत असेल तर हे कारण पहिलं धरा. सोल्डरिंग येणाऱ्याने रोध बदलावेत, ३.३ व्होल्टसाठी मिडीच्या मानकात ३३ आणि १० ओहम दिलेले आहेत.

८. घुर्र आवाज. आमच्याकडे जुन्या घरांत बोर्डाला तिसरं भोक असतं, पण त्यामागे अर्थिंगची तार असेलच असं नाही. लॅपटॉपच्या धातूच्या कडेला हात लावला की झिणझिण्या येतात ना, ती चार्जरमधून येणारी गळती असते. स्पीकर, मॉड्यूल, लॅपटॉप सगळं एकत्र जोडलं की ती गळती आवाजात उतरते.

आधी चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवा. घुर्र गेली तर अर्थिंग तपासायला इलेक्ट्रिशियनला बोलवा. चार्जर लावलेला ठेवून केबलचा इन प्लग वाद्याच्या आउटमधून काढल्यावर घुर्र गेली, तर केबलमध्ये तिच्या बाजूचा ऑप्टोकपलर बसवलेलाच नाही. गेमसाठी तो प्लग लागतच नाही, मोकळा राहू द्या. ऑर्केस्ट्रात मात्र लागतो, आणि मांडवातली लाइन जनरेटरवर गेली की हा दोष उघडा पडतो. तिथे अशी केबल नेऊ नये.

९. विंडोजवर एका मिडी पोर्टला बहुधा एकच प्रोग्रॅम धरून बसतो. मिडी-ऑक्स उघडं ठेवून गेम लावला तर गेम मुका. मिडी-ऑक्स आधी बंद करा. केबल नेहमी त्याच यूएसबी भोकात लावा, हब मध्ये नको.

१०. बरोबर आवाज कसा असतो हे कानाला माहीत नसेल तर वरची सगळी तपासणी अंधारात होते. यासाठी एमटी-३२चा मंट नावाचा इम्युलेटर, म्हणजे सॉफ्टवेअरमधली नक्कल, आहे, एससी-५५साठी न्यूक्ड-एससी५५. मॉड्यूलची मूळ रॉम लागते, पण एकदा लावलं की केबलशिवाय, लॅपटॉपमध्येच, गेम कसा वाजायला हवा ते ऐकू येतं. ‘मंकी आयलंड’ची (१९९०) मायकेल लँड यांनी केलेली सुरुवातीची धून आधी मंटवर ऐका, मग मॉड्यूलवर. मॉड्यूलच्या आवाजाचा पोत थोडा वेगळा असेलच, थोडी खरखरही असेल. पण एखादं वाद्यच बदललेलं वाटलं तर चौथ्या मुद्द्याकडे परत जा.

११. सिसेक्समध्ये नापास झालेल्या केबली मी टाकून देत नाही. गुरुकुंज मोझरीकडच्या भजनी मंडळांत आता खंजिरीसोबत कीबोर्डही असतो, आणि मुलं चाली लॅपटॉपवर उतरवून घेतात. त्याला फक्त नोटा लागतात. अशा केबलवर मी ‘फक्त नोट’ अशी पट्टी चिकटवून देतो आणि इन प्लगची घुर्र तेवढी तपासून घ्यायला सांगतो.