गॅसचा पाट व त्याची पाळी

आमच्या बागाईतदार वाचकांस पाटाच्या पाण्याची पाळी ठाऊक आहेच. ब्रिटनमध्यें नैसर्गिक गॅसची वांटणी अशाच रीतीनें देशव्यापी नळांतून होते. तिचा थोडा अभ्यास करूं.

उत्तर समुद्रांतील गॅस १९६७ सालीं ईझिंग्टन येथें प्रथम किनाऱ्यास आला. आज नॉर्वेहून नळानें व इतर देशांहून द्रवरूपानें जहाजांतूनही गॅस येतो. नळांत दाबून भरलेला गॅस हाच पहिला सांठा होय. आवकेपेक्षां उपसा वाढला कीं दाब उतरतो. म्हणून व्यवस्थापक रात्रंदिवस दाबावर नजर ठेवितात. १ मार्च २०१८ रोजीं कडाक्याच्या थंडींत मागणी इतकी चढली कीं, तुटीचा जाहीर इशारा द्यावा लागला.

तूट टळेनाशी झाली, तर प्रथम मोठ्या कारखान्यांचा पुरवठा तोडावयाचा व घरांचा अगदीं शेवटीं, असा क्रम तेथें आधींच ठरलेला आहे. कारण उघड आहे. कारखान्याची एकच चावी फिरविली कीं काम होतें. घरांचे नळ रिते झाल्यास मात्र घरोघर जाऊन तपासणी केल्यावांचून गॅस पुन्हां सोडतां येत नाहीं.

यांत आमचें हित काय? आपल्या देशांतही युरिया मुख्यतः गॅसपासूनच होतो, व त्यांतील बराच गॅस परदेशांतून येतो. सप्टेंबर २०२१ मध्यें गॅस महागतांच इंग्लंडांतील दोन खतकारखाने थांबले होते. तेव्हां सोसायट्यांनीं पेरणीपूर्वींच खताची मागणी नोंदवावी, गुदामांत सांठा करावा, व तुटीच्या वेळची वांटणीची पाळी सुबत्तेंतच ठरवून ठेवावी.