टोनआर्मची निवड : अल्प खर्चातील एक अभ्यास

ग्रामोफोनची तबकडी सुईमुळे वाजते हे सर्वांनाच ठाऊक आहे. परंतु ती सुई ज्याच्या टोकाला बसते त्या दांड्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. या दांड्यालाच टोनआर्म म्हणतात. तो निवडण्याचा प्रसंग गेल्या वर्षी माझ्यावर आला. त्या निमित्ताने जे शिकलो ते मित्रांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू.

आमचे आजोबा, म्हणजे तात्या, यांचा तिसगावात लाऊडस्पीकरचा धंदा होता. लग्ने, हरिनाम सप्ताह आणि जवळच्या मढीची कानिफनाथांची यात्रा ही त्यांची गिऱ्हाइके. रेकॉर्ड उड्या मारू लागली की तात्या दांड्यावर चार आण्याचे नाणे ठेवीत. उडी थांबे, लोक खूश होत. मात्र भीमसेन जोशींच्या अभंगांची त्यांची आवडती तबकडी त्या नाण्याखाली खरवडून गेली. आज ती लावली तर गायनापेक्षा खरखरच अधिक ऐकू येते.

मुंबईच्या मामांनी मला गॅरार्ड ४०१ हे जुने, भारदस्त टर्नटेबल दिले. १९६५ साली बाजारात आलेले हे यंत्र दांड्याविना विकले जाई. त्यावर ३३, ४५ आणि ७८ या तिन्ही गतींच्या तबकड्या वाजतात. शिष्यवृत्ती आणि शिकवण्या मिळून माझ्यापाशी २२ हजार रुपये होते. इंग्लंडच्या एसएमई कंपनीने २०१९ मध्ये सुटे दांडे विकणे बंद केले आणि जपानची जेलको कंपनी २०२० मध्ये बंद पडली. त्यामुळे चांगल्या सुट्या दांड्यांना मागणी फार. तेव्हा जुना दांडाच घेणे भाग होते.

पहिला प्रश्न वस्तुमानाचा. येथे दांड्याचे तराजूवरचे वजन पाहावयाचे नसते, तर तो हलताना सुईला जे जडत्व जाणवते ते पाहावयाचे असते. सुईची कांडी स्प्रिंगसारखी लवचिक असते. लवचिक कांडी आणि जड दांडा मिळून एका ठरावीक कंपनसंख्येला डोलू लागतात. ही संख्या सेकंदाला ८ ते १२ असावी. त्याहून कमी असेल तर वाकड्या तबकडीच्या चढउताराने दांडा झुलतो, फार अधिक असेल तर ती संगीताच्या खर्जाजवळ जाते. ती काढण्याची रीत सोपी आहे : एकूण वस्तुमान (ग्रॅम) आणि लवचिकता यांचा गुणाकार करावा, त्याचे वर्गमूळ काढावे आणि त्याने १५९ ला भागावे.

माझे उदाहरण घ्या. रेगा कंपनीने १९८३ मध्ये आरबी३०० हा एकसंध ओतीव नळीचा दांडा काढला. त्याचा स्वस्त भाऊ आरबी२५० मला १५ हजारांत मिळत होता. त्याचे परिणामी वस्तुमान सुमारे ११ ग्रॅम. ऑडिओ-टेक्निका व्हीएम९५ई हे कार्ट्रिज ६.१ ग्रॅमचे, स्क्रू धरून एकूण १८. त्याची लवचिकता कागदावर ७ दिली आहे; पण ती १०० कंपनसंख्येला मोजलेली. जपानी कंपन्यांचे आकडे बहुधा असेच असतात, म्हणून ते अंदाजे दुप्पट धरावे लागतात. १८ गुणिले १४ म्हणजे २५२, वर्गमूळ १५.९, उत्तर १०. जोडी जमली! शिवाय याच कार्ट्रिजला ७८ च्या रुंद खोबणीसाठी वेगळी सुई बसते. तात्यांच्या जुन्या तबकड्यांचाही प्रश्न सुटला.

दुसरा प्रश्न भूमितीचा. मूळ तबकडी कोरणारी सुई सरळ त्रिज्येवरून सरकते, आपला दांडा मात्र कंसात फिरतो. ही चूक कमी करण्यासाठी दांड्याचे डोके वळवलेले असते आणि सुई मध्याच्या खुंटीच्या थोडी पुढे जाते. रेगाचा खिळा खुंटीपासून २२२ मिमी अंतरावर, तर सुई खिळ्यापासून २३७ मिमी अंतरावर. म्हणजे १५ मिमी पुढे. गावच्या सुताराकडून सागवानी फळी करून घेताना मीच ३ मिमी चुकीची खूण केली आणि दुसरी फळी करावी लागली. दांडा महाग असो वा स्वस्त, येथे चुकल्यास सारे व्यर्थ.

तिसरा प्रश्न खिळ्याच्या स्थितीचा. जुना दांडा घेताना तो समतोल करून हलकी फुंकर मारावी. तो न अडखळता फिरला पाहिजे. डोके बोटांत धरून हलवल्यास खडखड जाणवू नये. आतल्या चारही तारा मीटरने तपासाव्यात.

शेवटी भार. या सुईला २ ग्रॅम भार लागतो. मी तो दीड ठेवला, म्हणजे रेकॉर्ड वाचेल अशी समजूत. ती चुकीची होती. भार अपुरा असला की सुई खोबणीच्या भिंती सोडते आणि पुन्हा आदळते. त्यानेही भिंती झिजतात. छोट्या तराजूवर मोजून २ ग्रॅम केला तेव्हा आवाज स्थिरावला. चार आण्याच्या नाण्याचे वजन अडीच ग्रॅम होते. म्हणजे तात्या सुईवर आधीच्या भाराखेरीज एवढे आणखी ओझे घालीत होते!

हे सांगितले तेव्हा तात्या म्हणाले, "अरे, लोक खोळंबलेले असायचे. रेकॉर्डचा विचार कोण करतो?"

अभंगांची ती तबकडी नव्या दांड्यानेही सुधारली नाही. गेलेली खोबण परत येत नाही. मात्र यात्रेला कधीच न नेलेल्या, पेटीच्या तळाशी राहिलेल्या दोन तबकड्या स्वच्छ वाजल्या आणि तात्यांनी त्या दोन्ही बाजूंनी ऐकल्या.

सारांश, दांडा विकत घेताना किमतीआधी जोडी पाहावी, मग माप पाहावे आणि भार मोजूनच ठेवावा. चुकीच्या निवडीची किंमत आपण नव्हे, तबकडी मोजते. आणि ती पुन्हा मिळत नाही.