शेवटचं बटण त्याचं

अगं, तुझी सकाळ कशी जाते ते मला ठाऊक आहे. किटली डेअरीवर पोचवायची, डबे भरायचे, त्यात उसाचा हंगाम असला की पुलावर ट्रॅक्टरांची रांग लागायच्या आत घरातल्यांना बाहेर काढायचं. आणि नेमकं तेव्हाच साडेतीन वर्षांचं लेकरू म्हणतं, "शर्ट मीच घालणार!" तू घाईघाईत बटणं लावून मोकळी होतेस, ते भोकाड पसरतं, आणि दिवसभर तुझ्या जिवाला रुखरुख.

बघ, अख्खा शर्ट त्याच्यावर सोडूच नकोस. वरची सगळी बटणं तू लाव, शेवटचं तेवढं त्याला ठेव. तेही काजातून अर्धं बाहेर काढून दे, म्हणजे त्याला नुसतं ओढायचं राहील. ते सहज जमायला लागलं की खालची दोन त्याची. बरेचदा आपण उलटं करतो गं, सुरुवात त्याला देतो आणि उशीर झाला की अर्ध्यातून हातातलं काढून घेतो. म्हणून रडारड होते. शेवट त्याच्या हातून झाला की "मी घातला" म्हणत घरभर मिरवतं की नाही बघ.

जेवतानाही तेच. छोटा तांब्या अर्धाच भर आणि फुलपात्रात पाणी त्याचं त्याला ओतू दे. सांडेल, सांडणारच. फडकं त्याच्या हाताला येईल असं ठेव, आणि न रागावता "फडकं कुठंय?" एवढंच विचार.

हे काही शहरातलं फॅड नाही, बरं का. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढं ते कोसबाडला आदिवासी पाड्यांपर्यंत नेलं. महागडी साधनं परवडणारी नव्हती, तर बिया, शिंपले, पानं हीच साधनं झाली. अंघोळ करणं, नखं कापणं, केस विंचरणं हाही तिथं शिक्षणाचाच भाग होता. पोरं शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची, असं त्या बायांचं काळीज! अंगणवाडीची सरकारी योजना १९७५ ची, पण आपल्याकडे तिची वाट या दोघींनी आधीच पाडून ठेवली होती.

आता तूच सांग, अंगणवाडीत हात धुवून, रांगेत बसून आपल्या हातानं खिचडी खाणारं पोर घरी आलं की 'आ' का करतं? ताईंना विचार, त्या कसं करतात ते. त्यांच्याकडे रोजचा क्रम ठरलेला असतो: आधी हात, मग ताट, मग घास. पोराला पुढं काय ते माहीत असतं, म्हणून सांगावं लागत नाही. घरातही तसाच क्रम धर.

सासूबाई भरवतात म्हणून भांडू नकोस हं. आजीच्या हातचा घास ही माया आहे, ती तोडायची नाही. रात्रीचं जेवण त्यांच्याकडे दे, सकाळची पोळी मात्र त्याची त्यानं खायची. दोन्ही चालतं गं.

एका बाबतीत मात्र मी अजिबात ऐकणार नाही. बंबाचं पाणी, चूल, कालवा आणि हायवे, इथं 'माझं मी' नाही. विसण तूच घालायचं, पाण्यात हात घालून बघायचं, मग तांब्या त्याच्या हातात द्यायचा आणि समोरून हलायचं नाही.

ताप आला किंवा घरात धाकटं बाळ आलं की येत असलेलंही विसरल्यागत करेल. घाबरू नकोस, तुझं काही चुकलेलं नसतं. दोन दिवस भरव, मांडीवर घे. मग ठरलेला क्रम पुन्हा धर, हळूहळू येतं वळणावर.

आणि सगळं एकदम करायला जाऊ नकोस. आज एवढंच कर, भिंतीवर त्याच्या हाताला येईल अशी एक लाकडी खुंटी ठोकून घे आणि उद्याचा शर्ट रात्रीच त्याच्याकडून तिथं अडकवून घे.