शुश्रूषा करणाऱ्यांसाठी योगाभ्यास

घरात अर्धांगवायू, कर्करोग किंवा स्मृतिभ्रंशाचे दुखणे आले की आजार एकाचा असला तरी ताण शुश्रूषा करणाऱ्याच्या शरीरावरही पडतो. झोप तुटक होते, जेवणाच्या वेळा चुकतात, खांदे आखडतात, अवेळी फोन वाजला तरी छातीत धस्स होते. धोक्याच्या वेळी ॲड्रिनलिन आणि कॉर्टिसोल ही संप्रेरके वाढणे स्वाभाविक आहे. अपाय होतो तो ती महिनोन् महिने वाढलेलीच राहिल्याने. योगाभ्यासाने संकट टळत नाही आणि धस्स होणेही थांबत नाही. मात्र नियमित अभ्यास असेल तर त्यानंतर शरीर पूर्वपदावर येणे सोपे जाते.

यात श्वासाचा वाटा मोठा असतो. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि सोडताना मंदावतात, कारण उच्छ्वासाच्या वेळी व्हेगस या मज्जातंतूचा हृदयावरचा लगाम घट्ट होतो. विश्रांतीत प्रौढ व्यक्ती मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेते. ही गती सहाच्या आसपास आली की ठोके आणि रक्तदाब यांचे चढउतार एका लयीत येऊ लागतात. इटलीतील लुचियानो बर्नार्डी आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, जपमाळेची लॅटिन प्रार्थना किंवा योगातील मंत्र म्हणताना श्वास आपोआप याच गतीला येतो, असे दिसले. माळ ओढणाऱ्या आजीबाईंना अर्थातच त्यासाठी यंत्र लावावे लागत नाही. भ्रामरी प्राणायामातही गुंजारवामुळे उच्छ्वास लांबतो. नवख्याला प्राणायामाच्या इतर प्रकारांपेक्षा ती सोपी जाते. अशी तपासणी आपल्याकडेही नवी नाही: लोणावळ्याच्या कैवल्यधाम या योगसंस्थेत स्वामी कुवलयानंदांनी १९२४ पासूनच योगक्रियांचे शरीरावरील परिणाम प्रयोगशाळेत तपासायला घेतले होते.

रुग्णाला उठवून-बसवून कंबर धरते, म्हणून मार्जारासन आणि ताडासन उपयोगी. रात्री जागरण झाले असेल तर दुपारी भिंतीला पाय टेकवून पाच मिनिटे पडणे किंवा शवासन पुरे. पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांनी लोड, पट्टे, खुर्ची यांच्या आधाराने आसने शिकवण्याची पद्धत रूढ केली. त्यामुळे रुग्णालयातल्या खुर्चीवर बसूनही खांदे मोकळे करता येतात. रोजची दहा मिनिटे रविवारच्या एका तासापेक्षा अधिक कामाची. ती सकाळची औषधे देऊन झाल्यावर लगेच ठेवली तर सहसा चुकत नाहीत. ऐन धावपळीत नवे काही शिकणे जमत नाही, अंगवळणी पडलेलेच तेव्हा आठवते. म्हणून सुरुवात त्यातल्या त्यात बऱ्या दिवसांत करावी.

उच्च रक्तदाब, हृदयविकार, हर्निया किंवा गर्भावस्था असल्यास कपालभाती, भस्त्रिका आणि कुंभक टाळावेत. काचबिंदू असल्यास शीर्षासन करू नये. डोळे मिटून बसल्यावर काहींची घालमेल वाढते. अशांनी डोळे उघडे ठेवावेत किंवा संथ चालावे. बळेच बसण्यात फायदा नाही. उदासी किंवा निद्रानाश दोन आठवड्यांहून अधिक टिकला तर डॉक्टरांना भेटावे. जीव नकोसा वाटू लागला तर एक दिवसही थांबू नये. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही मोफत समुपदेशन मिळते. रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या किंवा नैराश्याच्या गोळ्या चालू असतील, तर योगाने बरे वाटते म्हणून त्या परस्पर बंद करू नयेत. मात्रा कमी करायची की नाही, हे डॉक्टरांनी तपासून ठरवावे.