खोलीत शेगडी नको

कोलकात्यात राहणाऱ्या आम्हा मराठी मंडळींना नाताळच्या सुट्टीत डोंगर खुणावतो, आणि दार्जिलिंगची गर्दी नको असली की कुणीतरी लावाचं नाव काढतंच. सियालदाहून रात्री कांचनकन्या एक्सप्रेस धरायची, सकाळी न्यू माल जंक्शनला उतरायचं, तिथून गाडीने गोरुबथानमार्गे वर. लावा सात हजार फुटांच्या आसपास आहे आणि गावाला लागूनच नेओरा व्हॅलीचं जंगल सुरू होतं. १९८६ साली राष्ट्रीय उद्यान झालेलं. समुद्रावरून आलेलं बाष्प इथल्या डोंगरांना अडतं आणि ढग झाडांतच मुक्काम करतात. ओकच्या खोडांवर जाड शेवाळ, फांद्यांवर नेचे आणि ऑर्किड; पाऊस नसतानाही पानांतून पाणी ठिबकत राहतं. असं जंगल पाहायला जरूर जावं. पण तिथे राहण्याबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

इथली थंडी कोरडी नसते. गादी ओलसर लागते, खिडकीची काच आतून घामेजते, वाळत टाकलेले मोजे दुसऱ्या दिवशीही तसेच. वीज ये-जा करते, दाब इतका कमी की हीटर नावालाच तापतो. आमच्या लॉजवर संध्याकाळी पोरगा शेगडी घेऊन आला. तेलाचा डबा कापून, त्याला खिळ्याने भोकं पाडून केलेली; आत लाल निखारे, वर राखेचा पातळ थर. धूर अजिबात नव्हता. "आमाला थंडी वाजतेय ना," म्हणत (आमा म्हणजे नेपाळीत आई) त्याने ती सासूबाईंच्या पलंगापाशी ठेवली आणि जाताना दाराखालच्या फटीत घोंगडं सारून गेला. खिडकीच्या फटींत वर्तमानपत्राचे बोळे आधीपासूनच कोंबलेले होते. खोली छान उबदार झाली.

तासाभरात सासूबाईंचं डोकं ठणकू लागलं, मग मळमळ. शेजारच्या खोलीतल्या गृहस्थांनी कापराची पुरचुंडी हुंगायला दिली; उंची बाधली असणार, असं सगळ्यांचंच मत पडलं. नवऱ्याने बोटाला ऑक्सिमीटर लावला, आकडा ९७. म्हणजे काळजी नाही. मुलगा तोवर जेवायच्या आधीच झोपला होता आणि हाका मारून उठेना. उद्या किती वाजता निघायचं हे विचारायला आमचा ड्रायव्हर आला. दार उघडताच त्याने एक शब्द न बोलता शेगडी उचलली, बाहेर नेऊन ठेवली आणि खिडकीतले बोळे उपसले. मग म्हणाला, "दीदी, बच्चे को पहले बाहर लाओ."

मुलगा अंगणात दहा मिनिटांनी रडायला लागला. ते रडणं ऐकून मी मटकन खाली बसले.

दुसऱ्या दिवशी कालिम्पाँगला डॉक्टरांनी जे समजावलं, ते प्रत्येकाला ठाऊक हवं. जळत्या निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, धूर दिसायचं कारणच नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. आणि साधा ऑक्सिमीटर त्याला ऑक्सिजनच समजतो, म्हणून माणूस गुदमरत असताना आकडा ९७-९८ दाखवत राहतो. करोनानंतर घरोघरी आलेल्या त्या यंत्रावर इथे भिस्त ठेवू नका. उंचीचा त्रास बहुधा आठ हजार फुटांच्या वरच होतो. त्याखाली, बंद खोलीत, दोघा-तिघांचं डोकं एकदम दुखायला लागलं तर आधी जाळ बाहेर काढा आणि माणसं उघड्यावर आणा. पाणी, गोळी, कापूर सगळं नंतर. मग उशीर न करता दवाखाना, कारण खरा उपाय ऑक्सिजन लावणं हाच आहे. शेगडीपाशी पाण्याची वाटी ठेवली की भागतं, असं काही जण सांगतात. त्याने काहीही होत नाही.

जानेवारी २०२० मध्ये नेपाळातल्या दामन इथे केरळहून आलेले आठ पर्यटक एका रिसॉर्टच्या खोलीत गुदमरून दगावले, त्यांत चार मुलं होती. तिथे कोळसा नव्हता, गॅसचा हीटर होता. दारं-खिडक्या आतून बंद. म्हणजे प्रश्न एकट्या कोळशाचा नाही. डोंगरातल्या छोट्या लॉजमध्ये बाथरूममध्येच गॅस गीझर बसवलेला असतो, झरोका थंडीमुळे पुठ्ठ्याने बुजवलेला. अशा ठिकाणी दार उघडं ठेवून बादली भरून घ्यावी, गीझर बंद करावा, थोडा वेळ थांबावं आणि मगच आंघोळीला आत जावं. मुलांना तिथे एकटं पाठवू नये.

थंडीचं काय, तर झोपण्याआधी गरम पाण्याच्या पिशव्या मागून घ्या, दोन दुलया मागा, कानटोपी घालूनच झोपा. शेगडीची ऊब हवी तर व्हरांड्यात बसून घ्या. कार्बन मोनॉक्साइडचा बॅटरीवरचा अलार्म बाजारात मिळतो, तो सामानात टाका.

खोली ठरवताना फोनवर दोन गोष्टी नक्की विचारा: गीझर विजेचा की गॅसचा, आणि गॅसचा असेल तर बाथरूमच्या आत की बाहेर. गाडीवाल्याला तिसरी विचारा, की रात्री तो त्याच गावात थांबणार का. धुक्यात लावाहून कालिम्पाँग गाठायला तासाहून बराच जास्त वेळ लागतो, आणि रात्री ऐनवेळी लावात गाडी मिळत नाही.