किल्ट, ट्वीड आणि बेटावरच्या बायकांचा माग



पुरुषानं निऱ्या घालून वस्त्र नेसावं, याचं आपल्याला नवल नाही. आपले आजे-पणजे धोतरच नेसत. ब्रिटनच्या उत्तरेला स्कॉटलंड नावाचा डोंगराळ, थंड देश आहे. तिथल्या पुरुषांचं निऱ्यांचं लोकरी वस्त्र म्हणजे किल्ट. या पाठात किल्टची गोष्ट वाचू या, आणि सोबत एका प्रश्नाचा विचार करू या: आपल्या हातच्या मालाचं नाव कुणाच्या मालकीचं असावं?

१. किल्ट म्हणजे काय?

सुमारे चारशे वर्षांपूर्वी किल्ट शिवलेला नव्हता. लोकरीचा एक लांबलचक पट्टा असायचा. त्याला हातानं चुण्या घालायच्या, कमरेला पट्टा आवळायचा आणि उरलेलं कापड खांद्यावर टाकायचं. दिवसा तोच अंगरखा, पावसात तीच खोळ, रात्री तेच पांघरूण. आपल्या धनगर भावाची घोंगडी आठवा, म्हणजे लगेच समजेल. अठराव्या शतकात खांद्यावरचा भाग गेला आणि गुडघ्यापर्यंतचा आजचा किल्ट आला. तो पुढून सपाट असतो आणि मागं चुण्या असतात. पारंपरिक किल्टला सात-आठ वार कापड लागतं.

या कपड्यावर एकदा बंदीही आली. डोंगरी लोकांचं बंड मोडल्यावर १७४६ साली ब्रिटिश सरकारनं कायदा केला. त्यानुसार सैन्यातले लोक सोडून तिथल्या पुरुषांना हा पोशाख घालायला मनाई झाली. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने कैद, दुसऱ्याला सात वर्षं समुद्रापार हद्दपारी. १७८२ साली बंदी उठली. पुढं १८२२ मध्ये ब्रिटनचा राजा चौथा जॉर्ज एडिंबरा शहरात खुद्द किल्ट घालून मिरवला. गरिबाचा कपडा बड्या लोकांची हौस झाला.

२. टार्टन वेगळं, ट्वीड वेगळं

टार्टन म्हणजे रंगीत चौकटींची नक्षी. ट्वीड म्हणजे जाड, खरबरीत लोकरी कापड. त्याचे रंग माती, गवत, दगड यांसारखे असतात. समारंभाला बहुतेक टार्टनचा किल्ट घालतात. ट्वीडचा किल्ट दिवसाचा, रानावनात फिरायचा. एकोणिसाव्या शतकात मोठे जमीनदार आपल्या शिकारखान्यावरच्या नोकरांना ट्वीडचे कपडे देऊ लागले. डोंगराच्या रंगात मिसळून जाणारं हे कापड सावज हेरताना उपयोगी पडे.

३. हॅरिस बेटावरच्या बायका

स्कॉटलंडच्या पश्चिमेला समुद्रात हॅरिस नावाचं बेट आहे. तिथं घरोघरी बायका लोकर पिंजायच्या, सूत कातायच्या आणि रंगवायच्या. दगडावर वाढणारं, आपल्या दगडफुलासारखं शेवाळ खरवडून त्याचा तांबूस रंग काढायच्या. विणून झालेलं कापड साठवलेल्या मूत्रात भिजवायचं, मग दहा-बाराजणींनी फळीभोवती बसून ते आपटायचं, चोळायचं. त्यानं कापड घट्ट व्हायचं. आपण जात्यावर ओव्या म्हणतो, तशा त्या या कामाला गाणी म्हणत.

१८४० च्या दशकात बेटाची मालकीण लेडी डनमोर हिनं आपल्या घराण्याचं टार्टन तिथल्या विणकरांकडून ट्वीडमध्ये विणून घेतलं आणि नोकरांना त्याचे कपडे शिवले. त्याच सुमारास बटाट्याचं पीक रोगानं गेलं आणि बेटावर उपासमार आली. लेडी डनमोरनं हे कापड ओळखीच्या श्रीमंत घरांत पोचवलं. घरापुरतं विणलेलं कापड बाजाराला गेलं आणि कुटुंबाला रोख पैसा मिळू लागला.

४. नाव चोरीला जातं तेव्हा

माल गाजला की नक्कल येतेच. दुसरीकडच्या गिरण्यांचं स्वस्त कापडही ‘हॅरिस ट्वीड’ म्हणून विकलं जाऊ लागलं. एकटी विणकरीण कुणाकुणाशी भांडणार? म्हणून १९०९ साली हॅरिस ट्वीड असोसिएशन स्थापन झाली. गोल आणि त्यावर क्रूस असं चिन्ह तिनं नोंदवलं, आणि १९११ पासून तपासलेल्या कापडावर तो शिक्का बसू लागला. शिक्का एका व्यापाऱ्याचा नाही. जो नियम पाळेल, त्याच्या कापडाला तो मिळतो.

१९९३ साली तर ब्रिटनच्या संसदेनं खास कायदाच केला. नियम सोपे आहेत:

- लोकर शुद्ध आणि नवी हवी. ती रंगवणं आणि कातणं त्या बेटांवरच व्हायला हवं.
- विणकाम बेटावरच्या माणसानं स्वतःच्या घरी, हातापायानं चालणाऱ्या मागावर करावं. विजेचा माग चालत नाही.
- शेवटची धुलाई आणि सफाईही बेटांवरच व्हावी.

५. शिक्का आहे, तरी सावध

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली: पहिल्या महायुद्धानंतर पायानं चालणारे नवे मोठे माग आले, आणि विणकाम हळूहळू पुरुषांच्या हातात गेलं. धंद्यात पैसा आला की बाईच्या हातचं काम असं निसटू शकतं. दुसरी: तिथं सूत गिरणी देते आणि विणकर घरी विणतो. २००६ च्या सुमारास बेटांवरची सर्वांत मोठी गिरणी एका बाहेरच्या उद्योजकानं घेतली. हजारो नक्ष्या बंद करून त्यानं चारच ठेवल्या, तेही स्वतःच्या कोटांपुरत्या. अनेकांचे माग थांबले. पुढं दुसरी बंद गिरणी सुरू झाली, नवे ग्राहक मिळाले, तेव्हा काम परत आलं. शिक्का नावाची राखण करतो, पण एकाच गिऱ्हाइकावर विसंबलं तर पोट राखत नाही.

आपल्याकडं पैठणीला आणि सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे. तेही असंच गावाचं नाव राखण्यासाठी.

बैठकीत बोलू या

१. आपल्या गटाचा मसाला, पापड, गोधडी कुणाच्या नावानं विकली जाते? पाकिटावर आपलं नाव आहे का?
२. ग्रामसंघानं एकच शिक्का केला, तर तो मिळायला कोणते तीन नियम हवेत? तपासणार कोण?
३. आपला निम्म्याहून जास्त माल एकच व्यापारी घेतो का? उद्या त्यानं घेणं थांबवलं तर?
४. विक्रीचा हिशोब आणि बँकेचं खातं कुणाच्या हातात आहे?

उत्तरं गटाच्या वहीत लिहून ठेवा आणि प्रभाग संघाच्या पुढच्या बैठकीला घेऊन या.