खानदेशातील परसबाग : सांडपाणी, पालापाचोळा व सावली यांचा मेळ

तापी, गिरणा व पांझरा या नद्यांच्या खोऱ्यांत वसलेल्या जळगाव व धुळे जिल्ह्यांतील शेतकऱ्यास पाण्याचा हिशेब नव्याने शिकविण्याची गरज नाही. पांझरेच्या काठची जुनी फड पद्धत याची साक्ष देते. नदीवरील बंधाऱ्याचे पाणी पाटाने फडांत आणावयाचे, एका फडात एकच पीक घ्यावयाचे, ठरलेल्या क्रमाने पाळी द्यावयाची व उरलेले पाणी पुन्हा नदीस मिळवावयाचे, असा तिचा शिरस्ता. तथापि शेतात पाण्याविषयी इतका दक्ष असणारा शेतकरी घरी येताच ही दक्षता विसरतो असे पुष्कळदा दिसून येते. मोरीचे पाणी गल्लीत वाहते, त्याचे डबके होऊन डास वाढतात. अंगणातील पालापाचोळा रोज सायंकाळी पेटविला जातो. आणि मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर चढला असता टंचाईच्या गावांतून त्याच घरांतील स्त्रिया हंडे घेऊन टँकरची वाट पाहत असतात.

ज्या वस्तू अंगणाबाहेर टाकल्या अथवा जाळल्या जातात, त्याच वस्तूंची अंगणातील झाडांना गरज असते. हा मेळ कसा घालावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पाण्याचा हिशेब

ग्रामीण नळपाणी योजनांत दर माणशी दररोज ५५ लिटर पाणी धरतात. पाच माणसांच्या कुटुंबास या मापाने २७५ लिटर पाणी मिळते. पिणे, स्वयंपाक व शौचालय यांचा खर्च वजा जाता आंघोळ, धुणे व भांडी यांचे निदान १५० लिटर पाणी मोरीतून बाहेर पडते, असे धरावे. एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी पसरले म्हणजे एक मिलिमीटर पाऊस पडल्यासारखे होते. दररोज ५ मिलिमीटर पाणी द्यावयाचे ठरविल्यास १५० लिटर पाण्यात ३० चौरस मीटर, म्हणजे सुमारे ३२० चौरस फूट जागा भिजते. मे महिन्यात ही गरज वाढते. तेव्हा जागा कमी धरावी व आच्छादन जाड करावे.

शहरातील बंगल्यांप्रमाणे हिरवळ लावण्याची आवड आता खेड्यांतूनही दिसू लागली आहे. १,००० चौरस फूट हिरवळीस याच मापाने दररोज सुमारे ४६५ लिटर पाणी लागते. म्हणजे तीन कुटुंबांचे सांडपाणी एका हिरवळीवर खर्ची पडते आणि तिच्यापासून भाजी, फळ अथवा सावली यांपैकी काहीच मिळत नाही. खानदेशच्या हवामानास हा खर्च परवडणारा नाही.

छपरावरील पावसाचाही विचार करावा. ५०० चौरस फुटांच्या छपरावर ६०० मिलिमीटर पाऊस पडल्यास सुमारे २८,००० लिटर पाणी जमते. पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले तरी २२,००० लिटर हाती लागते. पहिल्या पावसाचे पाणी सोडून द्यावे. पुढील पाणी पन्हळीने झाडांच्या खड्ड्यांकडे न्यावे. काळ्या जमिनीत हे पाणी घराच्या पायापासून किमान १० फूट दूर सोडावे.

सांडपाण्याची विल्हेवाट

सांडपाण्यासाठी शोषखड्डा घ्यावा, असा सल्ला सर्वत्र दिला जातो. मुरमाड जमिनीत तो योग्यच आहे. परंतु तापीकाठच्या भारी काळ्या जमिनीत पाणी फार सावकाश मुरते. माती ओली होताच फुगते आणि खड्डा लवकरच तुंबतो. शोषखड्डा निकामी झाला की कुटुंबाचा सर्व उपायांवरील विश्वास उडतो. म्हणून खड्डा घेण्यापूर्वी दोन फूट खोल लहान खाच खणून तीत पाणी भरावे. दुसऱ्या दिवशीही पाणी उभे दिसल्यास शोषखड्ड्याचा नाद सोडून वाफ्यांची योजना करावी.

मोरीच्या तोंडाशी एक लहान टाकी अथवा जुने पिंप बसवून त्यात जाळी ठेवावी. खरकटे व तेलकट गाळ तेथेच अडतो. तो दर आठवड्यास काढून खतात टाकावा. पुढे उथळ चर काढून पाणी दोन वाफ्यांत आलटून पालटून सोडावे. एक वाफा भिजत असता दुसरा सुकतो व जमिनीस हवा मिळते. या वाफ्यांत केळ, कर्दळ व अळू लावावे. ही झाडे ओल सहन करतात. पावसाळ्यात जमीन आधीच ओली असल्याने जादा पाणी गटाराकडे वळविण्याची सोय ठेवावी.

येथे चार गोष्टींची काळजी घ्यावी. शौचालयाचे पाणी या चरात कधीही सोडू नये. मेथी, कोथिंबीर, मुळा यांसारख्या कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांस सांडपाणी देऊ नये. विहीर अथवा हातपंप यांपासून वाफे किमान ५० फूट दूर असावेत. धुण्याच्या सोड्यातील सोडियममुळे काळी माती चिकट व घट्ट होते. म्हणून सोड्याचा वापर बेताचा ठेवावा, वाफ्यात सेंद्रिय खत घालीत जावे व वरचेवर जागा बदलावी.

पालापाचोळा जाळू नये

पाला जाळल्याने मातीचे अन्न नष्ट होते व धुराचा त्रास घरातील मुले आणि वृद्ध यांस भोगावा लागतो. तोच पाला झाडांच्या आळ्यांत ३ ते ४ इंच जाड पसरल्यास उन्हाने जमीन तापत नाही, ओल टिकते व तण कमी उगवते. जळगाव जिल्ह्यात केळीची वाळलेली पाने विपुल मिळतात. ती या कामी उत्तम होत. मात्र रोगट बागेतील अवशेष घरी आणू नयेत. आच्छादन खोडापासून ५-६ इंच दूर ठेवावे, नाहीतर खोड कुजते व उधई लागते. घराच्या भिंतीलगत पाल्याचा ढीग करू नये. तेथे विंचू व साप आश्रय घेतात.

उरलेला पाला, शेण व खरकटे यांचे खत करावे. पुसद येथील पांढरीपांडे यांनी प्रचारात आणलेली नाडेप पद्धत महाराष्ट्रास परिचित आहे. तीत भिंतींना भोके ठेवलेल्या विटांच्या टाक्यात पाला, शेणकाला व माती यांचे थर रचतात आणि तीन ते चार महिन्यांत खत तयार होते. परसबागेसाठी याच धर्तीचा लहान टाका पुरेसा आहे. तो सावलीत बांधावा व ओल टिकवावी.

सावलीची योजना

खानदेशातील जुन्या धाब्याच्या घरांच्या जाड मातीच्या भिंती व मातीचे छप्पर उन्हाळ्यात घर थंड राखीत. आता पत्र्याची व स्लॅबची घरे झाली, अंगणात फरशी आली. ती दिवसा तापते आणि रात्री उष्णता बाहेर टाकते. वावरण्यापुरती जागा फरशीची ठेवून बाकीचे अंगण मातीचे राखावे. दुपारनंतरचे ऊन पश्चिमेकडून येते, म्हणून मोठे झाड पश्चिमेस अथवा नैऋत्येस लावावे. कडुनिंब सर्वांत भरवशाचा. परंतु तो भिंतीपासून १५ ते २० फूट दूर असावा. काळ्या जमिनीतील ओल मुळांनी ओढून घेतल्यास माती आकसते व भिंतींस तडे जातात. शेवग्याची फांदी ठिसूळ असल्याने तो छपरावर अथवा वाटेवर झुकू देऊ नये. रोप तीन फूट उंचीचे होताच शेंडा खुडावा. लिंबू, कढीपत्ता व सीताफळ यांस आतील बाजूस जागा द्यावी.

खड्डे एप्रिल-मे महिन्यांत २ × २ × २ फूट मापाचे खणून तापू द्यावेत. दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर माती व कुजलेले खत भरून रोपे लावावीत. पहिल्या उन्हाळ्यात रोपाशेजारी भाजके मडके गळ्यापर्यंत पुरून त्यात पाणी भरावे व तोंड झाकावे. मडक्यातून पाणी हळूहळू पाझरते व थेट मुळांशी पोहोचते.

भाजीपाला व औषधे

पावसाळ्यात गिलके, दोडके, भेंडी व अंबाडी आणि हिवाळ्यात मेथी, पालक व वांगी घ्यावीत. जळगावच्या भरिताच्या वांग्यास २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. त्याची चार झाडे परसात असणे घरास भूषणावह होय. केळीवरील कुकुंबर मोझॅक हा विषाणुरोग काकडीवर्गीय वेलींवरून मावा किडीमार्फत पसरतो. म्हणून गिलके, दोडके व गंगाफळ यांचे वेल केळीलगत लावू नयेत.

कपाशीसाठी आणलेले उरलेसुरले औषध परसातील भाजीवर मारण्याची प्रथा अत्यंत घातक आहे. तीच भाजी दुसऱ्या दिवशी मुलांच्या ताटात येते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधेने शेतकरी व शेतमजूर यांचे बळी गेले, हे विसरता कामा नये. मावा, तुडतुडे व पांढरी माशी यांसाठी निंबोळी अर्क पुरतो. ५०० ग्रॅम निंबोळी कुटून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवावी, सकाळी फडक्याने गाळावी, थोडा साबणचुरा मिसळून पाणी १० लिटर करावे आणि त्याच दिवशी सायंकाळी फवारावे. निंबोळ्या उन्हाळ्याच्या अखेरीस व पावसाळ्याच्या आरंभी वेचून, वाळवून ठेवाव्यात.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

साक्री तालुक्यातील बारीपाडा या आदिवासी गावाने जंगल राखले व तेथे वनभाज्यांची स्पर्धा भरविली जाते. त्या कार्यासाठी श्री. चैत्राम पवार यांस २०२५ साली पद्मश्री देण्यात आली. गावाने एकत्र येऊन ठरविले म्हणजे काय घडते, याचे हे जवळचे उदाहरण होय.

परसबागेचा प्रचार भाषणाने होणार नाही. कार्यकर्त्याने प्रथम एकच घर निवडावे व पाण्याचा हिशेब त्या घरातील गृहिणीसमवेत बसून मांडावा, कारण पाणी आणणारी व वापरणारी तीच असते. चर, दोन वाफे, एक खतटाका व पश्चिमेस एक कडुनिंब, एवढेच पहिल्या वर्षी करावे. पाणी दोन दिवसांहून अधिक उभे राहत नाही ना, हे दर आठवड्यास पाहावे. येत्या मे महिन्यात त्या घराच्या वाफ्यातील अळूची पाने हिरवी दिसली व गल्लीतील डबके नाहीसे झाले, तर शेजारचे घर आपण होऊन विचारावयास येईल.